निळी गोळी, लाल सुई, बाजरीची भाकरी

मार्माइट हा पदार्थ मराठी घरात कधी रुजला नाही. बिअर करताना उरलेल्या यीस्टपासून बनवलेला, डांबराच्या रंगाचा, खारट आणि उग्र वासाचा हा लेप इंग्रज लोक पावावर फासून खातात, आणि त्यांच्यातही नाक मुरडणारे कमी नाहीत. पण पोषणशास्त्राच्या इतिहासात मार्माइटचं नाव कायमचं लागलं ते मुंबईमुळे, आणि तेही गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमुळे.

१९२८ साली ल्यूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची चौकशी तेव्हा चालू होती आणि डॉ. मार्गारेट बालफोर यांनी तिला त्या कामात ओढलं. परळच्या हाफकिन संस्थेत प्रयोगशाळा, रुग्ण कामा आणि शहरातल्या इतर इस्पितळांतले. गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, धापा टाकत होत्या, मरत होत्या. लोह कमी पडलं की रक्तपेशी लहान होतात; या बायकांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. पेशी मोठ्या होणारा एक जीवघेणा रक्तक्षय युरोप-अमेरिकेत माहीत होता, आणि यकृत खायला दिलं की तो आटोक्यात येतो हेही १९२६ पासून ठाऊक झालं होतं. मुंबईत यकृताचा शुद्ध केलेला अर्क टोचला तरी फरक पडेना.

विल्सबाईंनी मग सूक्ष्मदर्शकावरून नजर उचलून ताटाकडे पाहिलं. या बायका राहतात कशा, जेवतात काय, भाजी किती, दूध किती? तसंच निकृष्ट अन्न माकडांना खायला घातलं. माकडांनाही तसाच रक्तक्षय झाला. त्यांना मार्माइट दिलं आणि ती सुधारली. मग तेच बायकांना दिलं. स्वस्त, सहज मिळणारं, डब्यातून चमच्याने काढायचं. थोड्याच दिवसांत रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढला गेला, १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवता आला. तेच फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर गोळी ठेवते, त्या गोळीची ही आजी.

या हकिगतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. आजारी कोण आहे, ती खाते काय, त्यात कमी काय पडतंय, आणि ती कमी स्वस्तात कशी भरून निघेल. गोळी सगळ्यात शेवटी. आपण आज नेमका उलटा प्रवास करतो. गोळी आधी येते: जाहिरातीतून, शेजारणीकडून, जिममधल्या ट्रेनरकडून. आपल्याला कमी काय पडतंय हा प्रश्न मागाहून सुचतो, सुचलाच तर.

दुसरा अंक पुणे परिसरातला. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जिल्ह्यातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची आधीपासून नोंद ठेवायची, दिवस गेले की आहार-वजन-रक्त मोजायचं, मूल जन्मलं की त्याला वर्षानुवर्षं पाहत राहायचं. इतक्या चिकाटीची कामं आपल्याकडे फार होत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिला निष्कर्ष साधा होता. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली निघाली. एकूण कॅलरी किती पोटात गेल्या याच्याशी मात्र बाळाच्या वजनाचं फारसं नातं दिसलं नाही. दुसरा निष्कर्ष अनपेक्षित होता. साठ टक्क्यांहून अधिक गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र पुरेसं होतं. पालेभाजीतून मिळत होतं आणि सरकारी गोळीतूनही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसलं ते असं: आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, अशा जोडीची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. मधुमेहाची ती पूर्वतयारीच.

याचा अर्थ फॉलिक ॲसिड बंद करा असा कोणी काढू नये. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, आणि फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष टळतात हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने पक्कं केलेलं आहे. पण ही दोन जीवनसत्त्वं शरीरात एकाच कामावर जोडीने राबतात. एक नसेल तर दुसरं अडकून बसतं. डॉक्टरांना याचा जुना अनुभव आहे: बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

बी-१२ बद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण मराठी मध्यमवर्गाचं हे सध्याचं लाडकं जीवनसत्त्व आहे. ते कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणीही बनवत नाही. बनवतात फक्त जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून दुधात येतं. मासे, अंडी, मटण, यकृत यांत असतं, आणि शिंपल्यांत तर भरपूर. कोकणातल्या ज्या घरात तिसऱ्यांचं सुकं नेमाने होतं त्या घराला बी-१२ ची काळजी करण्याचं कारण नाही. बी-१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो, त्यामुळेच इंजेक्शनचा रंग तो लालभडक. त्या लाल रंगाचा आपल्या लोकांवर विलक्षण प्रभाव आहे. सुईतून लाल काहीतरी आत जाताना दिसलं की निम्मा थकवा तिथेच उतरतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ माणसाची दिवसाची गरज २.२ मायक्रोग्रॅम ठरवली. शंभर मिलीलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे अर्धा लिटर दूध-दही रोज पोटात गेलं तर शाकाहारी माणसाचं कसंबसं भागतं. आता आपल्या घरातलं दूध कुठे जातं ते आठवा. चहात. खेड्यात तर घरची म्हैस असूनही पहाटेच्या धारेचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं, घरात उरतं ते चहापुरतं. आणि ‘आम्ही सगळं खातो’ म्हणणाऱ्या घरात मटण शिजतं ते जत्रेला, आखाडात, पाहुणे आले तर. तेव्हा बी-१२ ची कमतरता फक्त शाकाहारी मंडळींचा प्रश्न आहे हा समजही खरा नाही.

यकृतात याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, म्हणून तोटा चटकन कळत नाही. पायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि लाल, चालताना अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा. म्हाताऱ्या माणसांत ‘वय झालं’ म्हणून हे सगळं खपून जातं. त्यात दोन औषधं भर घालतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण कमी होतं. आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी जठरातलं आम्ल दाबते. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. महाराष्ट्रातल्या किती घरांत ही दोन्ही औषधं एकाच डब्यात शेजारी शेजारी पडलेली असतात! पित्ताची गोळी तर डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि पेशंट ती सात वर्षं घेत असतो. अशा माणसाने वर्षाकाठी एकदा बी-१२ तपासून घ्यावं, हे मी कोणत्याही डबाबंद पावडरीच्या आधी सांगेन.

बरं, सुईच हवी का? बहुतेकांना नको. जठरातून येणारं एक प्रथिन बी-१२ ला हाताला धरून आतड्यात पोचवतं, पण त्याची ताकद एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमपुरतीच. त्यापलीकडचं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून गोळीत हजार-पंधराशे मायक्रोग्रॅम भरलेलं असतं: त्यातलं दहा-पंधरा आत जातं आणि तेवढं पुष्कळ होतं. नसांचा त्रास वाढलेला असेल किंवा आतड्याचाच आजार असेल तेव्हा सुई लागते. स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांबद्दल मात्र सावध. त्यात असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं आणि माणसाला निरुपयोगी असं भावंड. लेबलवर आकडा झळकतो, अंगी लागत नाही.

लोहाची गोष्ट बी-१२ पेक्षा जुनी आणि जास्त गुंत्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता; २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. इतक्या योजना, इतक्या गोळ्या, आणि आकडा वर? यावर तज्ज्ञांत वाद आहे. ही मोजणी बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर होते आणि तीत रक्तक्षय फुगून दिसू शकतो, असा एक आक्षेप आहे. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या देशव्यापी बालक-पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटात रक्तक्षय २८ टक्के निघाला. गट वेगळा आहे, थेट तुलना होत नाही, हे खरं. पण त्याच पाहणीने त्याच वयाच्या ३१ टक्के मुलामुलींत बी-१२ कमी असल्याचं दाखवलं, आणि हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. अंगात रक्त कमी म्हटलं की आपण लोहाची गोळी देतो. रक्त लोहानेच कमी झालंय कशावरून?

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गोळी गुलाबी, गरोदर बायकांची लाल. कागदावर ही योजना उत्तम आहे. पण मुलींच्या घोळक्यात बसलं की दुसरी बाजू कळते. गोळी घेतली की मळमळतं. शौचाला काळं होतं आणि ते कशामुळे हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे घाबरायला होतं. त्या दिवशी उपास असेल तर उपाशीपोटी घेतलेली गोळी हमखास उलटते, आणि एकीला उलटी झाली की पुढच्या आठवड्यात वर्गातल्या निम्म्या गोळ्या दप्तरात. जेवणानंतर द्या, काळं होणार हे आधीच सांगा, चहापासून तासभर लांब ठेवा, लिंबू पिळलेलं काहीतरी खाऊ द्या: एवढ्या चार गोष्टी ज्या बाई सांभाळतात त्यांच्या वर्गात गोळ्या पोटात जातात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, लिंबातलं क जीवनसत्त्व ते सोडवतं. स्वित्झर्लंडमधल्या एका चाचणीने २०१७ मध्ये असंही दाखवलं की लोहाची कमतरता असलेल्या बायकांनी रोजऐवजी एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. रोजच्या डोसानंतर शरीर दुसऱ्या दिवशी आपणच दार लोटून घेतं. पोट बिघडतंय म्हणून गोळ्या टाकून देणाऱ्या बाईने हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा.

गोळी टळू शकते का? काही प्रमाणात. २०१२ मध्ये महाराष्ट्रात बाजरीचं ‘धनशक्ती’ हे वाण आलं. इक्रिसॅट ही पीक-संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आलेलं, दाण्यातच लोह जास्त असलेलं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांतल्या मुलांना अशा बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने खायला दिली. ज्यांच्यात लोहाची कमतरता होती त्यांच्यापैकी ती भरून निघणाऱ्यांचं प्रमाण, साधी बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत, दीडपटीहून अधिक निघालं. ना गोळी, ना काळ्या शौचाची भीती. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या तान्ह्या-रांगत्या मुलांवर असाच प्रयोग झाला तेव्हा मात्र एकंदरीत ठळक फरक दिसला नाही. लहान पोटात भाकरी मावणार किती?

रेशनच्या तांदळातून लोह द्यायचा सरकारी प्रयत्नही झाला. दर शंभर दाण्यांमागे एक दाणा पीठ, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ एकत्र दाबून तयार केलेला. गडचिरोलीत याची सुरुवातीची चाचणी झाली. हा दाणा जरा पिवळसर, तांदूळ धुताना पाण्यावर तरंगणारा. बायकांनी तो ओळखला, ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून काढला आणि सुपाच्या कडेने अंगणात टाकला. ज्या घटकासाठी हा खटाटोप, तोच कोंबड्यांच्या पोटात. पुन्हा विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे, आणि अशा रुग्णांनी लोहयुक्त अन्न घेऊ नये असा इशारा या तांदळाच्या पोत्यांवर छापण्याचा नियम कित्येक वर्षं होता. रेशन दुकानात सुटा तांदूळ मोजून मिळतो. पोतं वाचणार कोण?

ड जीवनसत्त्वाचं थोडक्यात. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, असे काही आठवडे, हा नेहमीचा कोर्स. घोळ होतो तो ‘आठवड्याला’ या शब्दावर. घाईत लिहिलेलं, घाईत वाचलेलं. आजोबा दुधातून रोज एक घेऊ लागतात. महिना-दोन महिन्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तहान लागते, ओकाऱ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, मूत्रपिंडाला इजा होते. कमतरता असताना हे औषध मोलाचं आहे. पण धडधाकट माणसाने खबरदारी म्हणून घेतलं तर कर्करोग किंवा हृदयविकार टळतो का, हे अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर तपासलं गेलं. २०१८ मध्ये उत्तर आलं: नाही.

आता बाजार. तिथे फार वेळ काढण्यासारखं नाही, कारण तिथलं गुपित डब्यावरच छापलेलं असतं. एखादी महागडी बाटली उलटी करून बघा. ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी हे छापणं बंधनकारक केलं. कायद्याने हे अन्न आहे, औषध नव्हे. औषधाला बाजारात येण्याआधी रुग्णांवर जी परीक्षा द्यावी लागते ती याला नाही. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत प्रतिकारशक्ती, ऊर्जा, तेज. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कबुली.

निरुपद्रवी तर आहे ना, असं लोक म्हणतात. बी-कॉम्प्लेक्सपुरतं ते बरंचसं खरं आहे. जास्तीचं दुसऱ्या दिवशी लघवीतून पिवळंजर्द होऊन निघून जातं. पण फिनलंडमध्ये एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनची चाचणी झाली, गाजरातलं हेच रंगद्रव्य फुप्फुसाचा कर्करोग टाळेल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला. ज्यांनी गोळी घेतली त्यांच्यात हाच कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी काढ्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण कावीळ झालेल्या माणसाने काढा थांबवावा यावर तरी वाद नसावा. केसांसाठी खाल्ल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोड गमीज् रक्ततपासणीत ढवळाढवळ करतात, थायरॉईडचा आकडा चुकीचा दाखवतात. लॅबवाल्याला हे सांगायचं कोणाच्या लक्षात राहतं? प्रोटीन पावडरीबद्दल एवढंच: राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्नायू फुगवण्यासाठी ती घेऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे. मूठभर शेंगदाणे, वाटीभर मटकीची उसळ, पिठलं, ताक. हा डबा आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र नाही.

शेवटी मुंबईतल्याच आणखी एका प्रयोगाकडे वळतो. २००६ पासून काही वर्षं शहरातल्या वस्त्यांमध्ये साडेसहा हजारांहून अधिक तरुण विवाहित बायकांना रोज एक खाऊ दिला गेला. पालेभाज्या, सुकी फळं आणि दूध पावडर घालून केलेला, समोशासारखा, खमंग. म्हणजे बायका आनंदाने खातील. दुसऱ्या गटाला बटाटा-कांदा वगैरेंचा खाऊ. दिवस जाण्याच्या आधीपासून, बाळंतपणापर्यंत. एकूण गटात बाळांच्या वजनात भरवशाचा फरक दिसला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने भरली. शिवाय गरोदरपणातला मधुमेह बटाटा-कांदावाल्या गटात १२.४ टक्के, पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के.

सगळी मेख त्या तीन महिन्यांत आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. त्या वेळी बहुतेक बायकांना पाळी चुकल्याची नीटशी शंकाही आलेली नसते. नाव नोंदवायला त्या जातात तिसऱ्या महिन्यात, आणि तेव्हा हातात पडलेली फॉलिक ॲसिडची गोळी या एका कामासाठी उशिरा आलेली असते. शाळेतली निळी गोळी शाळेबरोबर सुटते, लाल गोळी दिवस गेल्यावर येते. मधली काही वर्षं, म्हणजे नेमकी लग्नाच्या आसपासची, रिकामी. कागदावर त्या वयातल्या बायकांसाठीही आठवड्याची गोळी आहे. ती मागायला जाणारी नवी नवरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे मुहूर्त निघू लागतात. ज्या घरात यंदा लग्न आहे त्यांनी याद्यांमध्ये एक ओळ वाढवावी. मुलीचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ लग्नाआधी तपासून घ्यायचं. कमी असेल तर आत्ताच भरून काढायचं. मूल हवं असं ठरलं की त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, पहिले बारा आठवडे होईपर्यंत. आधीच्या बाळात कण्याचा दोष असेल किंवा बाईला मधुमेह असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टर ठरवतील. गोळ्यांची स्ट्रिप कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट.